हाताचा की बॅटरीवरचा

काउंटरपलीकडच्या मुलीने ते यंत्र स्वतःच्या तळहातावर उपडं धरलं, बटण दाबलं आणि “बघा ना मॅडम, काही दुखत नाही,” असं म्हणत हात पुढे केला. तळहाताचं कातडं आत ओढलं गेलं, सुटलं, पुन्हा ओढलं गेलं. योगिनी ते बघत होती, म्हणजे बघत असल्यासारखी उभी होती. कारण तिच्या मागे, बाबागाड्यांच्या रांगेपाशी, कुणाचं तरी मूल रडायला लागलं होतं आणि त्या रडण्यासरशी तिच्या छातीत दोन्हीकडे बारीक सुया टोचल्यासारखं होऊन कुर्ता भिजू लागला होता. मूल तिचं नव्हतं. तिचा समर्थ तिकडे कुरुळीला आजीच्या मांडीवर होता, बहुतेक झोपलाही होता. हे तिला कळत होतं, पण अंगाला कोण समजावणार? ते भलत्याच बाईच्या भलत्याच पोराला ओ देऊन मोकळं झालं होतं. तिने ओढणी पुढे ओढून घेतली आणि दोन्ही कोपर छातीशी दाबून धरले. मागचं मूल कुणीतरी उचललं असावं, रडणं थांबलं. अंगाचं मात्र थांबेना.

“मग दूध काढायचा पंप हाताचा देऊ, की बॅटरीवरचा?” मुलीने विचारलं.

प्रश्न काही अवघड नव्हता. योगिनीचा कंपनीतला सगळा जन्म अशाच दोन उत्तरांत गेला होता. लीक टेस्टच्या मशीनवर ती बसायची. लाइनवरून आलेलं ॲल्युमिनियमचं हाउसिंग, म्हणजे पार्टचं बाहेरचं कवच, क्लॅम्पमध्ये ठेवायचं, मशीन त्यातली हवा खेचून घेणार, मग काटा जागचा हलतो का बघायचं. नाही हलला तर हिरवा दिवा, हलला तर लाल. हिरवा पुढे, लाल बाजूच्या पेटीत. मधलं काही नाही. ‘बघू’ नाही, ‘विचारून सांगते’ नाही. तिथे कधी तिचा हात अडखळला नव्हता, आणि इथे या गुलाबी दुकानात एवढ्याशा गोष्टीला तिच्या तोंडून शब्द फुटेना. भिजलेला कुर्ता अंगाला गार लागत होता. आपल्याला बघून या मुलीला कळलं असेल का, एवढंच डोक्यात फिरत होतं.

उत्तर द्यायला नवनाथ होताच. तो शेजारी उभा राहून मोबाइलवर लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचत होता. त्याच्या दोन गाड्या कंपन्यांना लावलेल्या. पहिली शिफ्ट, दुसरी शिफ्ट, माणसं नेणं-आणणं. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू विकत घेताना तो आधी ती खोलून बघता येते का हे पाहायचा. “याचे पार्ट सुटे मिळतात का?” त्याने मुलीला विचारलं. “रबर गेलं तर? चार्जिंग किती चालतं? आणि मोटारीचा आवाज असा का येतोय, नवीनच हाय ना?” त्याच्या चेहऱ्यावर इतका प्रामाणिक कळवळा होता की योगिनीला हसू आलं आणि लगेच रडूही येईल असं वाटलं. कुरुळी फाट्यावरच्या मेडिकलमध्येही पंप मिळाला असता, पण तो मेडिकलवाला नवनाथच्या वर्गातला. त्याने तो कागदात गुंडाळून दिला असता आणि गुंडाळायच्या आत गावभर झालं असतं. म्हणून दोघं मोटारसायकलवरून एवढ्या लांब, जिथे कुणी कुणाला ओळखत नाही अशा सोसायट्यांच्या भागात आली होती. नवनाथने बायकोची लाज राखली होती, आणि आता भर दुकानात मोटारीचा आवाज कानाशी लावून ऐकत होता.

हाताचा पंप तिने उचलून पाहिला. हलका होता, आवाज करणार नव्हता, दाबला तर ओढणार, सोडला तर सोडणार. आपल्या हातात राहील असा. तो घ्यावा असं तिला वाटलंही. पण मग कंपनीची फर्स्ट एडची खोली डोळ्यांपुढे आली. एचआरच्या मॅडम चांगल्या होत्या, त्यांनीच फोनवर सांगितलं होतं की चहाच्या सुट्टीत तिथे बसत जा. एक लोखंडी खाट, एक वजनकाटा, पट्ट्यांची पेटी. दाराला आतून कडी नाही. कुणाचं बोट कापलं, कुणाला चक्कर आली की दार उघडणारच. चहाच्या सुट्टीत हाताने दाबत बसलं तर एका बाजूचं होईपर्यंत भोंगा व्हायचा. बॅटरीवरच्याने काम लवकर होईल, पण त्याचा तो फुस्स-टक आवाज दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये जाणार, आणि पॅसेजमध्ये मुलं उभी असतात, फोनवर बोलत. ‘अरे, आत हवा कुठली गळतीये?’ असं कुणीतरी म्हणेल, दुसरा हसेल. त्यात वाईट काही नसेल. ती सगळी तिला ताई म्हणणारी पोरं. तरीही ते हसू तिला आत्ताच ऐकू येत होतं आणि कानशिलं तापत होती. बाळंतपणाच्या दवाखान्यात एका सिस्टरने न विचारता, न बघता, दुसऱ्या सिस्टरशी मटार महाग झाल्याचं बोलत बोलत, तिची छाती चिमटीत धरून पिळली होती. ‘दूध आहे की भरपूर,’ असं म्हणून ती पुढच्या खाटेकडे गेली. चांगलीच बातमी होती ती. पण योगिनी पुष्कळ वेळ वरच्या पंख्याकडे बघत पडून राहिली होती, कारण त्या क्षणापासून हे अंग तिचं एकटीचं राहिलेलं नव्हतं. सगळ्यांना त्याचं काही ना काही काम होतं.

“बॅटरीवरचा द्या,” ती शेवटी म्हणाली.

परतीच्या वाटेवर ती नवनाथच्या पाठीशी, मध्ये खोका धरून बसली होती. मोशी मागे पडली, ट्रकांच्या रांगा सुरू झाल्या, आणि वाऱ्यात तेल, धूळ आणि कुठल्या तरी कंपनीच्या पेंट शॉपचा गोडसर वास आला. हा वास तिला आवडायचा. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती, कारण ऐकणाऱ्याने तिला वेड्यात काढलं असतं. ती अंबाजोगाईकडची. डिप्लोमा करून इकडे आली तेव्हा कुरुळीत याच लोकांच्या चाळीतल्या खोलीत तीन मुलींबरोबर भाड्याने राहिली. मालकीणबाई म्हणजे सावित्रीबाई, आणि पाण्याची मोटार चालू करायला येणारा त्यांचा मुलगा नवनाथ. मोटार जरा वारंवारच बिघडायला लागली तेव्हा बाकीच्या मुलींना कळलं, मग तिला कळलं. तिच्या घरी आणि याच्याही घरी जरा कुरबुर झाली, पण लग्न झालं. लग्नानंतरही ती कंपनीत जात राहिली. आणि खरं तर तिला जायला आवडायचं. पहाटेची बस, डोक्याला टोपी, मशीनपुढचं आपलं स्टूल, पहिला हिरवा दिवा. तिथे ती कुणाची सून नव्हती, कुणाची आई नव्हती. तिथे ती बरोबर होती, एवढंच. आता सोमवारी रजा संपत होती. समर्थला अजून वरचं काही सुरू व्हायचं होतं. पावडरचं दूध एकदा देऊन पाहिलं तर सगळं उलटून टाकलं होतं आणि अंगावर लालभडक गांधी उठल्या होत्या. म्हणजे या खोक्यातल्या यंत्राने दूध निघालं तर नोकरी, नाही निघालं तर राजीनामा. आणि राजीनाम्याच्या नुसत्या विचाराने तिचा जीव असा गुदमरायचा की त्याची तिला शरम वाटायची. पोराला सोडून जायला आवडणारी आई, असंही काही असतं का? असलंच तर ते वाईटच असणार.

सावित्रीबाईंचा पहिल्यापासून विरोध होता. भांडण नाही, टोमणे नाहीत. त्या नुसत्या म्हणायच्या, “सोड की नोकरी. काय कमी हाय आपल्याला?” कमी खरंच नव्हतं. जमीन कंपन्यांत गेली तेव्हा आलेल्या पैशातून चाळ झाली होती, गाड्या झाल्या होत्या. अंगणात पूर्वी चार म्हशी असायच्या तिथे आता नवनाथची गाडी उभी राहायची, आणि गोठ्याच्या जागी भाड्याच्या खोल्या. पंपाचं नाव काढलं तेव्हा तर त्यांनी हातातला लसूण खाली ठेवला होता. “बाई हायस का म्हस? यंत्र लावून धार काढनार!” नवनाथ हसला होता. “वयनी, तुझं आपलं काहीतरीच,” असं म्हणाला होता. नवनाथ आपल्या आईला वहिनी म्हणतो. धाकटे चुलते एकत्र राहायचे, ते वहिनी म्हणायचे, म्हणून पोरगंही तेच शिकलं. गावात अशी पुष्कळ घरं आहेत. आणि आई म्हणतो ते आजीला, जी वारली आणि जिचा हार घातलेला फोटो टीव्हीच्या वर आहे. लग्नानंतर योगिनीला पहिल्यांदा हे ऐकून मोठी मौज वाटली होती. पुढे सवय झाली. ती स्वतः सावित्रीबाईंना इथल्या रिवाजाप्रमाणे आत्या म्हणायची, त्यामुळे घरात सावित्रीबाईंना आई म्हणणारं कुणीच नव्हतं. पण हे असं एका ओळीत तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

घरी आल्याबरोबर तिने यंत्राचे सुटे भाग उकळत्या पाण्यातून काढले, पुसले, जोडले. समर्थ ओसरीवर आजीजवळ होता. तिने आतल्या खोलीचं दार लोटलं, भिंतीला पाठ टेकून बसली, आणि जे आयुष्यभर केलं तेच केलं. नरसाळं नीट बसलंय ना, कडेने हवा शिरत नाही ना, हे बोट फिरवून पाहिलं. सील पक्कं होतं. मग बटण दाबलं. ओढ लागली, पण काहीच आलं नाही. तिने ओढ वाढवली. तरीही नाही. कंपनीत असं झालं तर काय करायचं हे हातालाच माहीत होतं. व्हॅक्युम कमी पडतोय, वाढवा. तिने बटण दाबत दाबत पार शेवटपर्यंत नेलं. दातावर दात रोवून ती बसून राहिली. स्तनाग्र त्या नळीत लांब ओढलं जात होतं, सुटत होतं, आणि ते आपलं नाहीच असं ती वरून बघत होती. डोळ्यांत पाणी आलं. बाटलीच्या तळाशी एक थेंब पडला होता, तोही पसरून गेलेला. दुकानात नको तेव्हा कुर्ता भिजवणारं हेच अंग आता दगडासारखं झालं होतं. तिने बाजू बदलली. तिकडेही तेच. मग घाबरून पुन्हा पहिली बाजू. ‘आटलं,’ असा शब्द मनात आला आणि तो एकदा आल्यावर जाईना. तिच्या माहेरी शेजारी एक बाई होती, सासू मेल्याचा निरोप ऐकला आणि त्या दिवसापासून तिचं दूध आटलं, असं सगळ्या सांगायच्या. कसं आटतं, तर असंच, आवाज न करता. आपण कामावर जायची एवढी घाई केली, आणि अंगाला ती कळली, असं तिला वाटलं.

दार लोटलेलं होतं, लावलेलं नव्हतं. सावित्रीबाई समर्थला खांद्यावर घेऊन आत आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, मग तिच्या छातीकडे, लाल झालेल्या वळाकडे.

“अगं ए! बंद कर आधी ते.”

“येईनाच झालंय, आत्या,” योगिनी म्हणाली. रडू आलं की तिची भाषा अंबाजोगाईला परत जायची. “दुखालंय नुसतं. आटलं वाटतं मला.”

“आटतंय कशाला? सकाळी त्याच्या नाकातोंडात जात हुतं.” त्यांनी स्वतःच वाकून बटण शोधलं, सापडेना, तर नळीच ओढून काढली. यंत्र तसंच फुसफुसत राहिलं. योगिनीने ते बंद केलं. सावित्रीबाईंनी कसेबसे पाय दुमडले आणि समर्थला मांडीवर घेतलं. “असं कोरडं वढत्यात व्हय गं? माझ्या म्हशीबी अशाच हुत्या. नवं मानूस धारंला बसलं की पान्हा चोरायच्या. कितीबी वढ, ठ्यांब न्हाई. रेडकू म्होरं आनलं, त्यानं ढुशी दिली, की मग सोडायच्या.” त्यांनी समर्थचं झबलं सारखं केलं. “तुला म्हस म्हनले त्या दिवशी, त्याचा राग धरू नको.”

“मला राग नाही आला.”

“आला हुता. येनारच.” त्या समर्थच्या टाळूवरून हात फिरवत राहिल्या. संध्याकाळचा उजेड खिडकीतून त्यांच्या हातावर पडला होता. जाड, भेगाळलेला हात, धारा काढून काढून अंगठ्याचं पेर वाकडं झालेला. “माझं बी हुतं की. धो धो हुतं. नवनाथ याच्याएवढा असंल. कांदं काढायचं दिस. शेत पलीकडं, नदीच्या अंगाला, सकाळी गेलं की दिवस बुडताना घरी. पोराला न्यायचं न्हाई, ऊन लागतंय, म्हनून सासूबाईंनी ठिवून घ्येतला. बोंडल्यानं म्हशीचं दूध पाजायच्या. आनि मी तिकडं बांधावर बसायची, झाडाच्या बुडाला, आनि पिळून टाकायची. कुनाच्या पायाखाली यायला नगो म्हनून झाडाला. दुखायचं लई.” त्यांच्या आवाजात काही चढउतार नव्हता, भाडेकरूचं वीजबिल सांगावं तशा सांगत होत्या. “घरी आले की हातपाय धुवायच्या आधी पोराला घ्यायला जायची. त्येचं पोट भरल्यालं. मला बघून तोंड फिरवायचं. सासूबाई काय वाईट न्हवत्या गं. चांगल्या हुत्या. पर पोरगं त्यांच्याकडंच झेपावायचं. बोलाया लागलं तवा त्यांनाच आई म्हनलं. मला वयनी.”

“ते चुलते म्हणायचे म्हणून ना?”

“आसं सांगायचं लोकांना.”

योगिनीच्या मनात एकदम कितीतरी गोष्टी हलल्या. नवनाथला ताप आला की तो झोपेत आई गं म्हणायचा, तेव्हा शेजारी पाण्याची पट्टी ठेवणाऱ्या या बाईकडे कधी तिने बघितलं नव्हतं. टीव्हीवरच्या फोटोला रोज हार घालणाऱ्या याच. लग्नात नवरदेवाच्या आईला पुढे बोलवा म्हटल्यावर क्षणभर कुणीच पुढे आलं नव्हतं, आणि मग सावित्रीबाई पदराला हात पुसत घाईघाईने आल्या होत्या. तेव्हा त्या स्वयंपाकाकडे गुंतल्या होत्या असं तिला वाटलं होतं. नोकरी सोड, नोकरी सोड, असं इतके महिने ऐकून ती मनातल्या मनात या बाईशी भांडत आली होती. जुन्या वळणाच्या आहेत, सुनेने घरात बसावं असं वाटतं, मालकीणपणा जात नाही, असं काय काय. आणि त्या मात्र भलत्याच गोष्टीला भ्यायल्या होत्या.

“यंत्राचं काय न्हाई,” सावित्रीबाई म्हणाल्या. “धार कुनीबी काढंल. दूध तुझंच आसंल. पर पाजताना त्येचं तोंड माझ्याकडं आसंल, ध्यानात येतंय का? रोज. दिवसभर. मला काय, मला तर लाडूच हाय.” आणि त्या हसल्या, पण ते हसू नीट जमलं नाही. “म्हनून म्हनत हुते.”

योगिनीकडे बोलण्यासारखं होतं ते एवढंच की तरीही मला जायचंय, आत्या. ते तिने म्हटलं. म्हटल्यावर स्वतःलाच धक्का बसला, कारण ते इतकं सरळ ती कुणाहीपुढे बोलली नव्हती, नवनाथपुढेही नाही. नवनाथला तिने कर्तव्य, बढती, पोराचं भविष्य असलं काय काय सांगितलं होतं. “मला आवडतं तिथं,” ती म्हणाली. “मला घरी नाही करमत. समर्थवर जीव आहे माझा, तरीही नाही करमत.” आणि आता काहीतरी ऐकावं लागेल म्हणून ती मान खाली घालून बसली.

“मग जा की,” सावित्रीबाई म्हणाल्या. “मलाबी शेतात आवडायचं. घरात कोन बसतंय?” आणि त्यांनी समर्थला उचलून सरळ तिच्या गुडघ्यापाशी आणून ठेवलं. “हे घे. रेडकू म्होरं बांधलं. आता लाव तुझं यंत्र, हळू लाव.”

समर्थने आईच्या गुडघ्याला धरलं, वर बघितलं आणि लाळ गाळत हुंकार दिला. योगिनीने सगळ्यात कमी ओढ ठेवली. त्याची टाळू हुंगली; तेल, दूध आणि जरासा घाम. आधी काही नाही, आणि मग आतून कुठून तरी सैल झाल्यासारखं वाटलं, त्या ओळखीच्या बारीक सुया आल्या, आणि नळीत पांढरं दिसलं. आधी थेंब, मग थेंबाला लागून थेंब, मग धार. सावित्रीबाई “अगं बया” म्हणाल्या आणि दोघी बाटलीकडे बघत बसल्या. योगिनीने आपलं दूध असं कधी पाहिलंच नव्हतं. तिला वाटायचं ते दाट असेल, पण ते पातळ होतं, किंचित निळसर. इतके महिने याच्यावर एक माणूस उभं राहिलं, मान धरायला लागलं, हसायला लागलं. तिला स्वतःचा अभिमान वाटला, अगदी उघड, कुणाला न लपवता. बाहेरून नवनाथने हाक मारून विचारलं, “चालतंय का मशीन?” तेव्हा सावित्रीबाईच ओरडल्या, “चालतंय, चालतंय! तू नको येऊस आत!”

दूध निघालं, म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं रविवारी दुपारी. फ्रिजमधलं दूध वाटीत काढून गरम पाण्यात ठेवून कोमट केलं. बाटलीचं रबरी बोंड समर्थने तोंडात घेतलं आणि जिभेने असं ढकलून दिलं की काय विचारू नका. नवनाथने दिलं तरी तेच, योगिनीने दिलं तर तो बाटली सोडून तिच्या कुर्त्याकडेच झेपावायला लागला. शेवटी सावित्रीबाई उठल्या आणि कपाटातून चांदीचं बोंडलं काढून आणलं. त्याची चोच चेपली होती. हेच ते, हे कुणी बोललं नाही आणि कुणी विचारलंही नाही. त्यांनी ते उकळून घेतलं, दूध ओतलं, पोराला आडवं घेतलं. त्याने मान वळवून आईला शोधलं आणि भोकाड पसरलं.

“तू हितं आसलीस तर न्हाई प्यायचा,” सावित्रीबाई म्हणाल्या. “तुझा वास येतोय त्येला. भाईर जाऊन उभी ऱ्हा. पार भाईर.” नवनाथला त्यांनी त्याआधीच गाडीकडे पिटाळलं होतं.

योगिनी बाहेर आली आणि खिडकीखाली, भिंतीला लागून उभी राहिली. समोर चाळीच्या दोरीवर निळे युनिफॉर्म वाळत होते. पलीकडच्या रस्त्यावरून नव्याकोऱ्या गाड्या भरलेला लांबलचक ट्रेलर वळण घेत होता, मागची वाहनं तटून हॉर्न वाजवत होती, आणि त्या सगळ्यातून तिचा कान खिडकीत अडकला होता. समर्थ रडत होता. रडतोय, तो नाही पिणार, असं तिला वाटलं आणि तिच्या काळजाचे दोन तुकडे झाले. एक तुकडा म्हणत होता पी रे बाळा, पी, उद्या मला जायचंय. दुसरा म्हणत होता नको पिऊस. दुसऱ्याचा आवाज मोठा होता. तो ऐकून ती हादरली. आपण आईच आहोत ना? पण तो होता, आणि खरा होता. रडणं तुटलं, पुन्हा सुरू झालं, मग एक उचकी. मग सावित्रीबाईंचा आवाज, जो तिने कधी ऐकला नव्हता, तरुण बाईसारखा, हलका, “हां माझ्या राजा, हां, असं, असं.” आणि मग घोट. तिला आधी भास वाटला. मग दुसरा, तिसरा. मध्ये एक सुस्कारा, आणि पुन्हा घोट, आता भराभर, हावरटासारखे. तो पीत होता. तिच्याशिवाय पीत होता. नोकरी राहिली, राजीनामा टळला, जे मागितलं ते सगळं मिळालं, आणि योगिनी भिंतीला डोकं टेकवून, ओठ दाताखाली धरून रडत उभी राहिली.

आतला आवाज थांबला. बोंडलं खाली ठेवल्याचा टणत्कार झाला. मग बराच वेळ काही नाही. तिने ओढणीने तोंड पुसलं, पण आत जायला पाय उचलेना. आपल्याला बघून तो तोंड फिरवेल, असं तिच्या मनाने घेतलं होतं. एका दिवसात असं होत नाही हे कळत होतं, पण पाय ऐकेनात.

“योगिनीऽ,” सावित्रीबाईंनी हाक मारली. “ये गं आत. काय न्हाई पीत ह्यो नीट. तुलाच शोधतोय.”

ती आत गेली. सावित्रीबाईंनी पदराने समर्थचं तोंड पुसून काढलं होतं, पण कानाच्या पाळीपाशी एक पांढरा ओघळ राहिला होता. बोंडलं ताटलीत उपडं घातलेलं. वाटी रिकामी. खालची सतरंजी कोरडी ठणठणीत होती, सावित्रीबाईंचं लुगडंही कोरडं. समर्थचं पोट ढोलकीसारखं तट्ट फुगलेलं, डोळे पेंगुळलेले. त्याने आईला पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. तिने त्याला घेतलं, अंगाशी लावलं. त्याने सवयीने दोनदा ओढल्यासारखं केलं, तोंडातच हसला आणि भरल्या पोटाने झोपून गेला.

“बघ,” सावित्रीबाई म्हणाल्या. “आईबिगर कुठं पितंय लेकरू? सांडवलं समदं.”

योगिनीने सतरंजीकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. “शिकेल हळूहळू, आत्या,” ती म्हणाली, आणि आवाज फुटू नये म्हणून समर्थच्या केसांत तोंड खुपसलं.

“शिकंल की.” सावित्रीबाईंनी गुडघ्यावर हात ठेवून उठायला जोर घेतला, ताटली उचलली, आणि स्वयंपाकघराकडे जाता जाता पाठमोऱ्याच म्हणाल्या, “पर सकाळी जाताना जरा जास्तच काढून ठेव गं. लई सांडवतोय.”